बिनमिठाचं ताट

लेस्तेर, कॅरिअकू
सोमवार, १७ मार्च

विन,

तुझा फोन कधीचा बंद आहे, म्हणून कागदावर लिहिते आहे. हडर्सफील्डचा जुनाच पत्ता घालीन. तू तिथे राहत नसशील तर पत्र परत येईल आणि निदान तेवढं तरी कळेल.

एक विचारायचं आहे. ते आधी विचारून टाकते, नाहीतर नेहमीसारखी मी दुसरंच काहीतरी लिहीत बसेन. तुला मुलगी आहे का?

तुझे दोन मुलगे मला माहीत आहेत. त्यांच्या आधीचं विचारते आहे. तू लीड्सला लाकडाच्या कारखान्यात होतास, लग्न व्हायचं होतं, तेव्हाचं.

रागावू नकोस. रागावलेला आहेसच, तर आणखी रागावू नकोस.

आज सकाळच्या बोटीने ग्रेनाडाहून एक मुलगी आली. नाव ओरला. पंचविशीची, सावळी, केस कुरळे पण आपल्यासारखे घट्ट नाहीत, बोलणं थेट यॉर्कशरचं. एकटीच. दिवसभर बेट बघायचं म्हणून तिने हॉटेलातून निरोप ठेवला होता. शाळेतली नोकरी सोडल्यापासून मी पर्यटकांना हिंडवते, हे तुला कुणी सांगितलं असेल किंवा नसेल. गाडी कॅन्यूट चालवतो. आपला मावसभाऊ म्हणून त्याला ठेवलाय, गाडी चालवता येते म्हणून नाही, हे प्रवाशांना पहिल्याच वळणावर कळतं.

टेकडीवरच्या तोफा दाखवल्या. गेल्या जुलैच्या वादळाने कुणाची छपरं नेली आणि कुणाची परत आली ते सांगितलं. किनाऱ्यावर अर्धी बांधलेली बोट दाखवली. मग नेहमीप्रमाणे दफनभूमी. आईची कबर मी पर्यटकांना दाखवते, विन. हे बरोबर आहे का याचा मी खूप विचार केला आहे. ठरलेलं काहीच नाही. समुद्र आता तिच्या अगदी जवळ आलाय. मधल्या रांगा वादळात गेल्या. भरतीच्या वेळी तिच्या पायथ्याची वाळू ओली असते.

पर्यटक विचारतात, हिचा दगड कुठाय? मी सांगते की आमच्याकडे दगड लगेच उभा करत नाहीत. तो घरी ठेवतात. घरच्यांची तयारी झाली की जेवण घालतात, ढोल वाजवतात, दगड मिरवत आणतात आणि सगळ्या मुलांचा हात लागला की उभा करतात. त्यानंतर माणूस खरा झोपतो, तोवर हिंडत असतो. हे खरंच आहे. पण तुझं वाक्य मी त्यांना सांगत नाही. "माझ्याशिवाय पुरलीस ना तिला? आता माझ्याशिवाय दगड उभा करून दाखव." तुझं विमान वादळाने अडलं होतं. आईला ठेवायला बर्फ होता तोवर आम्ही पुरायचं थांबलो. हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं. सांगितलं होतं ना? मनात इतक्या वेळा सांगितलंय की खरं कितीदा सांगितलं ते आठवत नाही. दगड अंगणातच आहे. शेळ्या त्यावर ऊन खात बसतात.

या मुलीने दगडाचं विचारलं नाही. ती खाली बसली आणि म्हणाली, "ही अजून जागीच आहे म्हणजे."

कॅन्यूट झाडाला टेकून आंबा खात होता. त्याने आपला नेहमीचा प्रश्न टाकला, "पोरी, तू कुणाची गं?" तो सगळ्यांनाच विचारतो. गोऱ्या पेन्शनरांनाही. ते म्हणतात मँचेस्टर, आणि तो खोखो हसतो.

ती म्हणाली, "तेच बघायला आलेय."

तिची आई आयरिश, नर्स, दोन वर्षांपूर्वी वारली. बापाचं नाव तिने कधी सांगितलं नाही. एवढंच, की तो इकडच्या कुठल्याशा छोट्या बेटावरचा होता, हाताने लाकडाचं काम करायचा आणि बोलायचा बंद झाला की बंदच व्हायचा.

कॅन्यूटने माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे.

यानंतर मी जे केलं ते सांगते. मी विचारलं, "लीड्सला असायचा का?" ती म्हणाली, "असेल, आम्ही तिथेच राहायचो." मी विचारलं, "बोटी बांधणाऱ्यांतला होता का?" ती म्हणाली, "असू शकेल." इतकी वर्षं शाळेत शिकवलं, प्रश्नातच उत्तर घालू नये हे पोरांना घोकून सांगितलं, आणि मी काय केलं!

तर, आहे का?

ग्लेना

मंगळवार, १८ मार्च

विन,

कालचं पत्र टाकलेलं नाही. पोस्टातली बाई म्हणाली, इंग्लंडला तीन आठवडे लागतील, नशीब असेल तर. तोवर इथलं काय ते होऊन गेलेलं असेल. म्हणून त्याच्याच मागे हे जोडते आहे.

आज ओरला पुन्हा आली. बेट बघून झालंय, बेटाला दुसऱ्या दिवसापुरतं काही उरत नाही, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "मग माणसं दाखवा." मी तिला टँटी युनिसकडे नेलं. न्यायला नको होतं. टँटी आता ऐंशीच्या पुढे गेली आहे, पण आईची चुलतबहीण म्हणून आपल्या घराचा शेवटचा शब्द अजून तिचाच असतो, आणि शब्दही बरेच असतात.

टँटी तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने ओरलाची हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली आणि म्हणाली, "विन्सबर्ट."

"टँटी, अगं, ती पाहुणी आहे," मी म्हटलं.

"पाहुणी? ही मार्गरीटची हनुवटी आहे, तुझ्या आईची. मार्गरीटची विन्सबर्टला आली, विन्सबर्टची हिला. तुला नाही आली, तू बापावर गेलीस."

"हनुवटी सगळ्यांना असते, टँटी."

"तुला फार शिकवलं, हीच चूक झाली."

ओरला हसत होती, पण डोळे भरले होते. ती म्हणाली की हल्ली एक चाचणी असते, नळीत थुंकून पाठवायचं, नातं आहे की नाही ते कळतं.

"थुंकून?" टँटी म्हणाली. "आमच्याकडे थुंकून नातं तोडतात गं बाई."

कॅन्यूट अंगणभर लोळायचा बाकी राहिला.

मग टँटीने हसणं थांबवलं आणि मुद्द्यावर आली. आई तिच्या स्वप्नात येते आहे, नाताळपासून. गुडघाभर पाण्यात उभी असते आणि म्हणते, "मला कोरडं कर." स्वप्नात मागितलेलं द्यावं लागतं, यावर तुझं काय म्हणणं आहे मला माहीत नाही. माझं काय आहे तेही माहीत नाही. पण टँटीने हे सांगितल्यापासून भरतीच्या वेळी मी घरात बसू शकत नाही.

"मुलगा येत नाही तर मुलाचं लेकरू चालतं," टँटी म्हणाली. "बापाच्या हाताऐवजी त्याचा हात. माझ्या आजीच्या दगडावर तसाच लावला होता. शुक्रवारी जेवण घालायचं. ही शनिवारी बोटीत बसायच्या आत."

"आणि ती त्याची नसली तर?"

"तर कुणाची आहे? तू सांग."

संध्याकाळपर्यंत गावाने बकरा ठरवला होता.

ग्लेना

बुधवार, १९ मार्च

विन,

दिवसभर तिच्याकडे बघत होते. तिच्या लक्षात आलं असेल.

ती शेंग अंगठ्याने फोडते, आई फोडायची तशी. पण शेंग दुसऱ्या कशाने फोडणार? चालताना तिचा डावा पाय किंचित बाहेर पडतो, तुझा पडायचा. की उजवा? ती गाते, बेसूर. आपल्या घरात कुणीच बेसूर नव्हतं. आणि मासे खात नाही! आपल्या क्वाशी घराण्यातली आणि मासे खात नाही, म्हटल्यावर कॅन्यूट म्हणाला, "परत पाठवा हिला, माल बदलून मागा." ती म्हणाली, "पावती हरवली." दोघांचं चांगलं जमलंय.

तिच्या आईचं नाव ब्रीडा. मला पुसटसं आठवतं की आई एकदा शेजारणीला सांगत होती, विन्सबर्टला एक नर्स आवडते म्हणे. नर्सच म्हणाली होती ना? हे मला आठवतंय की आठवायला हवंय म्हणून आठवतंय, हे मी दोन तास पारखत बसले. जितकं पारखावं तितकं ते आठवणीसारखं दिसायला लागतं.

मला भीती कशाची वाटते ते लिहिते. ती तुझी नसेल आणि आम्ही तिचा हात तुझा म्हणून लावला, तर आईला फसवल्यासारखं होईल, आणि दगड एकदा उभा केला की पुन्हा उभा करता येत नाही. आणि ती तुझीच असेल आणि मी पुरावा मागत बसले, तर ती शनिवारी जाईल, समुद्र आईला घेऊन जाईल, आणि माझ्याकडे माझा प्रामाणिकपणा तेवढा राहील. त्याचं मी काय करू?

तू एक हो किंवा नाही म्हणालास तर सगळं मिटेल. अख्ख्या जगात हे फक्त तुला माहीत आहे. कदाचित तुलाही नसेल.

ग्लेना

गुरुवार, २० मार्च

विन,

भरभर लिहितेय, अक्षर लावून घे.

आज सकाळपासून आपल्या अंगणात स्वयंपाक होता. तीन चुली, त्यावर मोठी पातेली. भाताचे आणि मक्याच्या पिठाचे गोळे वळायला गल्लीतल्या सगळ्या बायका. ओरला पहाटेच आली. तिने पाणी भरलं, कांदा चिरला, धुराने डोळे लाल करून घेतले, लाकडी चाटूने पीठ घोटता घोटता तळहाताला फोड आणला. बायका तिला 'विन्सबर्टची' म्हणून हाक मारत होत्या आणि ती ओ देत होती. हे मी ऐकत होते आणि कुणाला थांबवलं नाही.

उन्हं उतरल्यावर मी मागच्या खोलीत आईचं ताट वाढलं. पांढरं कापड घातलं. भाताचा गोळा, मक्याचा गोळा, कोंबडीची तंगडी, बकऱ्याचा चांगला तुकडा, तुरीचे दाणे. पाण्याचा पेला, रमचा पेला, मेणबत्ती. सगळं बिनमिठाचं, मेलेल्यांना मीठ चालत नाही. दार लोटून बाहेर आले. आता सकाळपर्यंत त्या खोलीत कुणी जात नाही, हे तुला सांगायला नको.

तुला सांगायला नको. हेच तर.

अंगणात ढोल लागले. टँटीने ओरलाचा चेहरा बघितला आणि म्हणाली, "पोरी, उभी उभी पडशील. जा, आत जाऊन जरा पाय पसर." ती गेली.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. हातात रिकामं ताट होतं, घासायला घेऊन निघाली होती. आमच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "किती छान होतं! माझ्यासाठी वेगळं काढून ठेवलंत. फक्त मीठ राहिलं वाटतं."

ढोल थांबले, विन. एकेक करून नाही, एकदम.

तिला वाटलं होतं की दिवसभर राबलेल्या मुलीसाठी कुणीतरी मायेने ताट झाकून ठेवलंय. मेणबत्तीसुद्धा तिच्यासाठी लावलीय असं वाटलं. रम तेवढी तिने ठेवली होती. म्हणाली, फार कडक वास आला.

पहिल्यांदा कॅन्यूट बोलला. आज त्याचा आवाज चेष्टेचा नव्हता. "झालं. आता आणखी काय पुरावा पाहिजे? घरच्या पोरीचा हात त्या ताटाला लागलाच नसता. परकी आहे ती."

"परकी?" टँटीच्या हातातला डाव हवेतच राहिला होता. "मार्गरीटने नातीला जेवू घातलं! स्वतःच्या ताटातलं! दुसऱ्या कुणाला त्या खोलीची वाट तरी सापडली असती का?"

"तूच आत पाठवलीस तिला!"

"मला कुणी पाठवायला लावलं?"

अर्धं अंगण इकडे, अर्धं तिकडे. एकाच ताटावरून ती तुझी ठरत होती आणि त्याच ताटावरून तुझी नव्हती. ओरला मध्येच उभी, ताट छातीशी धरून. मला विचारत होती, "मी काय केलं? ग्लेना, मी काय केलं?"

मग टँटी माझ्याकडे वळली. "हिला सांगितलं नव्हतंस?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बरोबरच होतं. सोमवारपासून मी या मुलीला तोफा किती ते सांगितलं, वाऱ्यांची नावं सांगितली, शेळ्या मोकळ्या का सोडतात तेही सांगितलं. माझं पोट त्यावर चालतं. दगडाच्या जेवणाचं मी पर्यटकांना गाडीत बसल्या बसल्या सांगते, ताटासकट, मिठासकट. हिला ताटाचा एक शब्द सांगितला नाही. आपण आपल्या माणसांना सांगत नाही, ती बघूनच शिकतात. म्हणजे कुठल्यातरी क्षणी मी हिला आपल्यात धरलं होतं, आणि ते माझं मलाच कळवायचं राहून गेलं.

मी तिला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. तिने ऐकलं. मग कुंपणापाशी जाऊन ओकली, आणि ओकल्यावर आणखीच रडली, की आता तर तेही गेलं.

उद्याचं काही ठरलं नाही. पातेली झाकून सगळे घरी गेले.

ग्लेना

शुक्रवार, २१ मार्च

विन,

दगड उभा आहे. आधी हे सांगते.

सकाळी ती आली तेव्हा मला वाटलं निरोप घ्यायला आली. मी अंगणात दगड धूत होते. तिने दुसरी चिंधी घेतली आणि आईच्या नावातला चिखल काढायला बसली.

मी विचारलं, "हात ठेवशील का त्यावर? तिथे गेल्यावर?"

"कुणाचा म्हणून?"

"विन्सबर्टच्या मुलीचा."

"आणि मी नसले तर?"

मी चिंधी पिळली.

"मला व्हायचंय हो त्याची," ती म्हणाली. "खूप व्हायचंय. म्हणूनच नको. तुमच्या आईचं जेवले, आता तिला खोटंही सांगू?"

माझीच शंका होती ही. तिच्या तोंडून ऐकली तेव्हा मात्र मला तिचा राग आला. का आला ते मी अजून शोधते आहे.

पण बकरा शिजलेला होता आणि दुपारी भरती होती. टँटी म्हणाली, "चला." चौघांनी दगड उचलला, पुढे ढोल. कॅन्यूट बोलत नव्हता, पण खांदा त्यानेच दिला. ओरला सगळ्यात मागे, पाण्याची बादली घेऊन. पाहुणी म्हणून येते, असं ती म्हणाली.

कबरीपाशी दगड आडवा ठेवला. एकेकाने त्यावर पाणी आणि रम शिंपडायची, हात ठेवायचा आणि आपण कोण ते आईला सांगायचं. टँटीने सांगितलं. मी सांगितलं, "मी ग्लेना, तुझी धाकटी." कॅन्यूट म्हणाला, "मावशी, मी कॅन्यूट. तुझ्या कोंबड्या मुंगसाने नेल्या नव्हत्या." लोक हसले, तोही हसला, मग नाक पुसत बाजूला झाला.

मग तुझी जागा आली. पुरुष दगडाला हात घालायला वाकेनात. मी एकदा तोंड उघडलं, तुझं नाव मीच घ्यावं म्हणून, पण ते कुणाच्या वतीने घेऊ हे कळेना.

ओरलाने बादली खाली ठेवली. गर्दीतून पुढे आली. ओंजळीने पाणी शिंपडलं, फोड आलेला तळहात दगडावर ठेवला आणि म्हणाली, "मी ओरला. काल तुमचं ताट मी जेवले. मला माहीत नव्हतं."

एवढंच. मुलगी म्हणाली नाही, नात म्हणाली नाही, तुझं नाव घेतलं नाही.

टँटी म्हणाली, "आमेन," आणि पुरुषांनी दगड उचलला.

आता मला सांग, तुझी जागा भरली की रिकामी राहिली? मी सगळ्यांना विचारलं. कॅन्यूट म्हणतो, "दगड सरळ आहे, मी ओळंबा लावलाय, मला पुढचं विचारू नकोस." टँटी म्हणते, भरली, बिनबोलता. ओरला म्हणते की मी तुमच्या आईची माफी मागितली, बाकी काही केलं नाही. तिघंही खरं बोलत आहेत.

ग्लेना

शनिवार, २२ मार्च, धक्क्यावर

विन,

बोटीला थोडा वेळ आहे, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिते आहे.

सकाळी टँटीला विचारलं, आई आली का? म्हणाली, "आली. कोरडी होती." मी म्हटलं, काय म्हणाली? "काही नाही. पाठमोरी होती. समुद्राकडे बघत होती, कुणी यायचं असल्यासारखी." टँटीला हे शुभ वाटतं. मला ते कसं घ्यायचं ते कळत नाही.

ओरलाने आत्ता मला विचारलं की भावाला पत्र लिहिता ना, पाकिटं पाहिली मी, टाकली का? मी म्हटलं, टपालाचं खरं नाही. ती म्हणाली, "द्या माझ्याकडे. लीड्सहून हडर्सफील्ड गाडीने अर्ध्या तासाचं आहे. दारात नेऊन देते."

मी म्हटलं, यात तुझ्याबद्दल बरंच आहे, मासे न खाण्यापासून. ती म्हणाली, "मी उघडणार नाही." मला तिची खात्री आहे. तुझी हनुवटी सोडली तर या मुलीबद्दल सगळ्याची खात्री आहे.

"तो दार उघडणार नाही," मी म्हटलं.

"मग उभी राहीन."

"पाऊस असेल."

"यॉर्कशर आहे, असणारच."

तर, हे तू वाचत असशील तेव्हा ती तिथे असेल. टँटी म्हणते, तिला बघितल्याबरोबर तुला कळेल. मला तसं वाटत नाही. मी तिला आठवडाभर बघितलं आणि मला कळलं नाही. ब्रीडा नावाची कुणी तुला आठवत नसेल तर तिला तसं सरळ सांग, तिला सरळ बोललेलं चालतं. आठवत असेल तर तेही. आणि मग एक दिवस इथे ये आणि आईला स्वतः सांग, तू कोण ते. दगड उभा झाल्यावर तसं चालतं का, हे मी कुणाला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

कॅन्यूट तिची बॅग बोटीत चढवतोय आणि तिला शिव्या देतोय, दगड भरलेत का म्हणून. भोंगा झाला.

ही सगळी पानं वाचायला वेळ लागेल. विन, आधी तिला आत घे. बाकीचं नंतर ठरवू.

ग्लेना